मेन पाडला तरी

ज्योत्स्नाला आता लोक ‘बटणवाली’ म्हणतात. केजपासून लातूरपर्यंत जेवढी म्हणून स्कॅन सेंटरं आहेत, तेवढ्या ठिकाणी ती कागदांची फाईल घेऊन जाऊन आली. सगळीकडे चहा मिळाला, नोकरी कुठंच मिळाली नाही. फाईल चाळणारा माणूस नावापाशी थांबतो, वर बघतो आणि विचारतो, ‘‘केजची एमआरआय मशीन घालवली ती तुम्हीच का?’’ ती ‘हो’ म्हणते आणि चहा संपवून उठते.

ते बटण कसलं आणि तिनं ते का दाबलं, हे नक्की ठाऊक असलेली माणसं पाच. त्यातली चार खोटं बोलून मोकळी झाली. पाचवी ती स्वतः, आणि तिचं कुणी ऐकत नाही. म्हणून एकदा नीट सांगायला हवं.

ज्योत्स्ना ही कचरू आणि चतुराबाईची थोरली लेक. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, पण विचारतात ते ‘तुमच्यात किती कोयते’ असंच. कचरू-चतुराबाईचा हा एक कोयता तीस-बत्तीस वर्षं मुकादम सुंदररावांच्या टोळीत राबला, आधी कड्याच्या कारखान्यावर आणि मग पार कर्नाटकापर्यंत. कचरू डावखुरा. रांगेत मधे उभा राहिला तर शेजाऱ्याला कोयता लागायचा, म्हणून त्याला नेहमी अगदी टोकाला उभं करत. टोकाचा ऊस बांधाला लागून वाकडातिकडा वाढलेला असतो, पण त्यानं कधी तक्रार केली नाही. सुंदररावांपुढं तक्रार करायची असते हेच त्याला माहीत नव्हतं. सुंदरराव त्याला ‘कचऱ्या’ म्हणत आणि तो लांबूनच ‘जी मालक’ म्हणत धावत जाई.

पोरगी मात्र फडातल्या पाचटाच्या कोपीतून हॉस्टेलात गेली, हॉस्टेलातून संभाजीनगरला, आणि एमआरआयची टेक्निशियन होऊन परत आली. तीन वर्षांपूर्वी सुंदररावांचे चिरंजीव विजयसिंह यांनी केजमध्ये बसस्टँडच्या मागं स्कॅन सेंटर काढलं, तेव्हा माणूस शोधायची वेळ आली आणि सुंदरराव म्हणाले, ‘‘आपल्या कचऱ्याची पोरगी हाय की.’’ तिच्या नावाची पाटी मशीनच्या दाराशी लागली. चतुराबाई एकदा मुद्दाम ती पाटी बघायला आली, पदरानं पुसून गेली.

मशीन बसवायला पुण्याहून सत्यम नावाचा इंजिनियर आला होता. पंधरा दिवस राहिला. ज्योत्स्ना त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावायची, आणि त्यालाही बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी इतकं विचारणारं भेटलं होतं. एक दिवस त्यानं तिच्यासमोर चुंबकाच्या तारेत वीज भरली आणि भरायच्या वायरी चक्क काढून घेतल्या.

‘‘झालं,’’ तो म्हणाला. ‘‘आता ही वीज आत फिरत राहणार. दहा वर्षांनी आलात तरी फिरतच असेल.’’

‘‘संपणार नाही?’’

‘‘कशी संपेल? साध्या तारेत वाट काढताना ती झिजते, तार तापते. ही तार इतकी थंड केलीय की तिच्यात अडथळाच उरलेला नाही. तुम्ही मेन पाडा, सगळ्या केजची लाईट जाऊ द्या, चुंबक चालूच राहणार.’’

‘‘मग महिन्याला एवढी वीज मशीन खाते कशाला?’’

‘‘थंडी राखायला. तार बुडवलीय हेलियममध्ये, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांत. बाहेरची उष्णता रात्रंदिवस आत घुसायला बघते, कॉम्प्रेसर तिला बाहेर ढकलत राहतो. सगळा खर्च त्या राखणीचा.’’

ज्योत्स्नाला पाटाचं पाणी आठवलं. विहिरीवरून सोडलेलं पाणी वावरात पोचेपर्यंत निम्मं जमीनच पिऊन टाकते. हा पाट एक थेंबही पीत नव्हता. तिला ते फार आवडलं. जगात काहीतरी असं आहे की जे दिलं तेवढं सांभाळतं, मधल्या मधे कुणी खात नाही, ह्याचं तिला मोठं अप्रूप वाटलं.

‘‘आणि तारेत मोहरीएवढी जागा जरी तापली,’’ सत्यम पुढं म्हणाला, ‘‘तर तेवढ्या जागेत अडथळा येतो. अडथळा आला की उष्णता, ती शेजारची जागा तापवते, ती पुढची. अर्ध्या मिनिटात सगळी वीज उष्णता होऊन जाते, हेलियम उकळतो आणि छतावरच्या पाइपातून निघून जातो. हे लाल बटण मुद्दाम तेच करतं. तारेजवळ एक छोटा हीटर आहे, तो पेटतो. माणूस चुंबकाला अडकला, जिवावर बेतलं, तरच दाबायचं. त्याला स्वतःची बॅटरी आहे, लाईट नसली तरी चालतं.’’

झाकणाखालचं ते लाल बटण ज्योत्स्ना रोज सकाळी फडक्यानं पुसायची. दारापुढं जमिनीवर तिनं पिवळ्या रंगाची जाड रेघ मारून घेतली होती. त्या रेघेच्या आत लोखंड न्यायचं नाही, मग नेणारा कुणीही असो. एका पुढाऱ्याच्या बॉडीगार्डला तिनं पिस्तूल बाहेर ठेवायला लावलं होतं आणि पुढारी बाकड्यावर बसून हसत होता. पण खरा घोर बॉडीगार्डांचा नव्हता. आपल्याकडे आजारी माणसाजवळ लोखंड ठेवायची रीत. बाहेरचं काही लागू नये म्हणून उशाखाली विळा, कनवटीला खिळा, दंडाला लोखंडी कडं. वडवणीकडची एक म्हातारी लुगड्याच्या निऱ्यांत घोड्याचा नाल खोचून आली होती आणि तीन वेळा विचारलं तरी नाही म्हणाली. ज्योत्स्ना प्रत्येक बाईला पडद्याआड नेऊन स्वतः चाचपायची. अडकित्ते, किल्ल्या, पिना, नाल, ह्यांनी भरलेली एक प्लास्टिकची टोपली रेघेबाहेर असे. तीन वर्षांत एक टाचणीही आत गेली नव्हती. तिला ह्या एवढ्याच गोष्टीचा गर्व होता, आणि तो रास्त होता.

खंडेनवमीला सुंदररावांकडं हत्यारांची पूजा होई. घरातली तलवार, ट्रॅक्टरचे पाने, आणि टोळ्यांचे कोयते. दसरा झाला की टोळ्या निघायच्या, म्हणून कोयत्यांचा मान मोठा. पाच टोळ्यांचे पाच कोयते लाल दोऱ्यानं एका जुडीत बांधायचे आणि ती जुडी कचरूनं वाहून न्यायची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. कचरूच्या घरी बुद्धवंदना होते, हत्यारं कुणी पूजत नाही. ज्योत्स्ना चिडायची, म्हणायची, ‘‘बा, आपल्यात हाय का हे? दरसाल कशापायी जातोस?’’ तो म्हणायचा, ‘‘पूजा मालकाची हाय. मी निस्ती जुडी धरतो.’’

सेंटर निघाल्यापासून मशीनलाही नारळ फुटू लागला, पण बाहेर, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी. ह्या वर्षी मात्र बिनसलं. उन्हाळ्यात सुंदररावांची कंबर धरली होती. ह्याच मशीनमध्ये मणक्यातली गाठ सापडली, ऑपरेशन झालं, म्हातारा पुन्हा चालायला लागला. त्यांनी जाहीर केलं की यंदा सगळ्या हत्यारांची पूजा मशीनच्या पायाशी. मनात वाईट काही नव्हतं. भक्तिभावानंच सगळं झालं, आणि हेच गिळायला अवघड जातं.

सकाळी साडेदहाला सगळे आले. पुढं पांढऱ्या फेट्यात सुंदरराव, मागं विजयसिंह, सेंटरचा वायरमन तानाजी, आणि शेवटी डाव्या हातात कोयत्यांची जुडी धरलेला कचरू. तानाजीनं मेन पाडला. एसी थांबला, कॉम्प्रेसरची घरघर थांबली, कॅमेऱ्यांचे दिवे विझले. इन्व्हर्टरवरचा एक दिवा तेवढा राहिला.

ज्योत्स्ना दारात उभी राहिली. ‘‘साहेब, मेन पाडून चुंबक जात न्हाई. ते चालूच हाय.’’

‘‘ह्या खोलीची वायर मीच वढलीया,’’ तानाजी म्हणाला. खिशातल्या टेस्टरवर हात ठेवून तो हसला. ‘‘दावू का लावून? कुठंच करंट न्हाई.’’

‘‘आतली वीज बाहेरून येतच न्हाई. तीन वर्षांमागं भरलेली हाय. तुमच्या टेस्टरला ती दिसायची न्हाई.’’

‘‘तीन वर्षांची शिळी वीज,’’ विजयसिंह म्हणाले आणि तानाजी मोठ्यानं हसला. मालकाच्या विनोदाला हसायचा पगार वेगळा मिळत नाही, तरी माणसं हे काम मनापासून करतात.

‘‘नारळ घ्या, हळदीकुंकू घ्या, फुलं घ्या,’’ ज्योत्स्ना म्हणाली. ‘‘मी सोता दार उघडते. निस्ते कोयते आन् तानाजीभाऊंचा टेस्टर तेवढा भाईर ठिवा.’’

‘‘कोयत्याबिगर खंडेनवमी कसली?’’ सुंदरराव शांतपणे म्हणाले. ‘‘पोरी, तीन वर्षं राबतीया ही मशीन. आज मेन पाडलाय, निजू दे की तिला.’’

‘‘आबा, ती निजत न्हाई.’’

सुंदररावांना कुणी दुसऱ्यांदा नाही म्हणालेलं बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं. ते तिच्याशी पुढं बोललेच नाहीत. मागं वळून म्हणाले, ‘‘कचऱ्या, तुझी लेक आपल्याला आडवी झालीया.’’

कचरूचं तोंड उतरलं. तो पुढं आला. ज्योत्स्नानं दाराच्या चौकटीला हात लावून वाट अडवली. तिच्या पायाखाली पिवळी रेघ होती.

‘‘बा, तू तरी ऐक. आत नगं जाऊस.’’

‘‘बाजूला हो, बाई.’’

‘‘बा, मी शिकलीया ते. तुझ्याच कोयत्यावर शिकलीया.’’

त्यानं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा मालकाकडं. फार वेळ लागला नाही. उंचीनं तो बुटका होता. मान खाली घालून तो तिच्या हाताखालून वाकून आत गेला. तिचा हात बाजूला सारून विजयसिंह आणि तानाजीही मागोमाग शिरले.

तिसऱ्या पावलाला जुडी त्याच्या हातात वळवळली. त्याला वाटलं दोरा सुटला, म्हणून त्यानं मूठ आणखी आवळली. चौथ्या पावलाला पाचही कोयते पुढं झेपावले आणि कचरूला ओढत घेऊन मशीनच्या तोंडावर आदळले. हात मधे सापडला. तानाजीच्या खिशातला टेस्टर उडून टणकन शेजारी चिकटला आणि तानाजी बाहेर पळाला. विजयसिंहांनी जुडी ओढून पाहिली. कोयते इंचभर सरकले आणि पाती कचरूच्या बोटांत उतरली.

‘‘वढू नका,’’ ज्योत्स्ना ओरडली. ‘‘बोटं जातील.’’

कचरू ओरडला नाही. तो फक्त ‘मालक, मालक’ म्हणत होता. सुंदरराव दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते, पूजेचं तबक हातात तसंच धरून.

ज्योत्स्नानं झाकण उघडलं. विजयसिंहांना बटण म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. सही करून घेताना सत्यमनं समजावलं होतं की हे दाबलं तर हेलियम जाईल, मशीन कित्येक महिने उभी राहील.

‘‘दाबू नको,’’ ते म्हणाले. ‘‘आधी कंपनीला फोन लाव. काहीतरी सांगतील ते.’’

तिनं बापाच्या हाताकडं पाहिलं. बोटं काळीनिळी पडायला लागली होती. तिनं बटण दाबलं.

छतावर विमान उतरावं तसा आवाज झाला. बसस्टँडवरच्या लोकांनी सेंटरच्या माथ्यावर पांढरा लोट उठलेला पाहिला आणि आग लागली म्हणून माणसं धावली. आत कोयते सैल पडत गेले, मग घसरले, मग फरशीवर पडले. तीन वर्षं जी वीज कणभर झिजली नव्हती, ती अर्ध्या मिनिटात हेलियमची वाफ करून गेली.

अंबाजोगाईला नेईपर्यंत ज्योत्स्ना तो हात उंच धरून बसली होती. दोन बोटं गेली. बाकी हात वाचला. आणखी दहा मिनिटं गेली असती तर मनगटापासून काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. पट्टीतून अंगठा बाहेर ठेवला आणि तिला सांगितलं की रोज नख दाबून सोडायचं. पांढरं पडून पुन्हा गुलाबी झालं की रक्त फिरतंय म्हणून समजायचं.

आठवड्यानं सत्यम आला. मशीनमधली नोंद त्यानं काढली. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी बटण दाबलं गेलं, एवढंच तिच्यात होतं. कुणी काय सांगितलं, कुणी काय ऐकलं नाही, ह्याची नोंद कुठलीच मशीन ठेवत नाही. कॅमेरे मेनबरोबरच बंद झाले होते. मशीनच्या तोंडावर मोठा ओरखडा होता. सत्यमनं त्यावरून बोट फिरवलं.

विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. नोकराच्या हातून चूक झाली असेल तर भरपाई मिळेल, मालकानं जाणूनबुजून लोखंड नेलं असेल तर मिळणार नाही. विजयसिंहांनी ज्योत्स्नाला बोलावलं आणि एक कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं की तिनं साफसफाईसाठी चुकून लोखंडी स्टूल आत नेलं आणि घाबरून बटण दाबलं.

‘‘दोन महिने घरी बस. परत घेतो,’’ ते म्हणाले.

‘‘ह्यावर सही केली तर मला कुणी दारात उभं करणार न्हाई, साहेब. हे काम मला पुन्हा कुठंच मिळायचं न्हाई.’’

‘‘नाही केली तरी साक्ष कुणाची हाय तुझ्याकडं? तानाजी आमचा. मी, आबा.’’

‘‘माझ्या बाचा हात हाय,’’ ज्योत्स्ना म्हणाली आणि कागद तसाच ठेवून आली. एसटीत बसताना तिला हलकं वाटत होतं. एवढ्या दुःखातही खरं आपल्या बाजूला आहे म्हटल्यावर माणूस ताठ बसतो, तशी ती बसली होती.

घरी आली तर बापाची पट्टी बदलायची वेळ झालेली. चतुराबाई चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही. ज्योत्स्नानं कचरूचा हात मांडीवर घेतला. अंगठा निळा होता. रक्त थांबलं असं वाटून तिनं अंगठा चोळला तर निळं तिच्या बोटाला लागलं. शाई होती.

‘‘बा, हे काय?’’

कचरू दाराकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मालक आलते.’’

‘‘कशावर अंगठा दिलास?’’

‘‘तू स्टूल न्हेलं. तुला वाचवाया मी मधी पडलो, तवा हात सापडला. असं लिवलंय. वाचून दावलं मला.’’

‘‘आन् तू दिलास.’’

‘‘मालक ह्या खाटंवर बसले, पोरी. हितं, माझ्या शेजारी.’’ त्यानं धडधाकट हातानं गोधडी थोपटून जागा दाखवली. ‘‘मला कचरूभाऊ म्हनले.’’

‘‘मी घरी न्हवते,’’ चतुराबाई चुलीपासून म्हणाली. ‘‘असते तर ती शाईची डबी जाळात घातली असती.’’

‘‘तू शिकलेली हायस,’’ कचरू म्हणाला. ‘‘तुला कुठंबी काम भेटंल. मला ह्याच गावात मरायचंय.’’

ज्योत्स्नाला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त, की फडातल्या कोपीत ज्या हातानं तिला भाकरीचे तुकडे करून घातले, त्याच हाताची तिला आता किळस येत होती. तरी डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून तिनं अंगठ्याचं नख दाबलं. शाईच्या कडेला नख पांढरं झालं, सोडल्यावर हळूहळू गुलाबी झालं.

‘‘रगत येतंय का?’’ कचरूनं विचारलं.

‘‘येतंय.’’

मग तिच्या मनात होतं ते तिनं सांगून टाकलं. ‘‘बा, मी ते बटण दाबायला नको होतं.’’

कचरूनं सुटल्यासारखा श्वास सोडला. ‘‘मालकबी तेच म्हनले,’’ तो म्हणाला.

ज्योत्स्नानं नवी पट्टी घेतली आणि मनगटापासून गुंडाळायला सुरुवात केली.